निर्णय नेमका कुठे चुकतो? : व्यवसायनीतीच्या विचाराचा आढावा

डेनिस जोइया १९७२ साली एमबीए होऊन अमेरिकेतल्या फोर्ड कंपनीत रुजू झाला. मोठ्या कंपन्यांच्या वागण्यावर कडक टीका करणाऱ्या पिढीतला हा तरुण. वर्षभरातच, विकलेल्या गाड्यांतले दोष तपासून त्या परत बोलावण्याची शिफारस करणाऱ्या विभागाचे काम त्याच्याकडे आले. पिंटो या छोट्या गाडीला मागून धडक बसली की पेट्रोलची टाकी फुटून गाडी पेटते, असे तुरळक अहवाल त्याच्या टेबलावर येत होते. जळून गेलेली एक पिंटो त्याने डोळ्यांनी पाहिली. पुढे विभागात मत घेतले गेले तेव्हा गाडी परत बोलावू नये असे ठरले आणि जोइयाचे मतही त्याच बाजूला पडले. त्या काळात तो स्वतः पिंटोच चालवत होता. १९७८ मध्ये फोर्डला सुमारे १५ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या, तोवर जोइया कंपनी सोडून अध्यापनाकडे वळला होता.

१९९२ मध्ये त्याने आपल्या त्या निर्णयाची चिकित्सा करणारा लेख लिहिला. आपल्यापुढे एक नैतिक प्रश्न आहे हे त्या वेळी आपल्याला जाणवलेच नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. ढिगाने येणाऱ्या तक्रारींतून वाट काढताना त्याच्यापाशी दोन कसोट्या होत्या. एकाच प्रकारचा बिघाड वारंवार होतो आहे का, आणि त्याचे निश्चित तांत्रिक कारण सापडते आहे का. पिंटोच्या तक्रारी या कसोट्यांवर ठामपणे उतरत नव्हत्या, म्हणून फाइल पुढे सरकली नाही.

व्यवसायातल्या नीतीविषयी गेल्या अर्धशतकात जे लिहिले गेले, शिकवले गेले आणि कायद्यात बसवले गेले, त्यातल्या बहुतेकाचा रोख ‘योग्य काय ते कसे ठरवावे’ या प्रश्नावर राहिला. जोइयाचा अनुभव त्याच्या एक पायरी अलीकडचा आहे. मानसशास्त्रज्ञ जेम्स रेस्ट यांनी १९८६ मध्ये नैतिक कृतीच्या चार पायऱ्या मांडल्या. समोरचा मुद्दा नैतिक आहे हे दिसणे, योग्य काय ते ठरवणे, ते इतर लाभांच्या वर ठेवणे आणि शेवटी ते पार पाडणे. या चार पायऱ्या हाताशी धरून आजवरच्या विचाराचा आढावा घेतला, तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. आपण सर्वाधिक श्रम दुसऱ्या पायरीवर खर्च केले. व्यवसाय घसरतात ते मुख्यतः पहिल्या आणि चौथ्या पायरीवर.

धंदा कोणासाठी?

या क्षेत्रातला सर्वांत गाजलेला वाद हेतूविषयीचा आहे. १३ सप्टेंबर १९७० रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स मॅगझीन’मध्ये अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी मांडले की, व्यवस्थापक हा भागधारकांचा नोकर असतो, त्यांचा पैसा स्वतःला पटलेल्या समाजकार्यावर खर्च करण्याचा त्याला अधिकार नाही, नफा वाढवणे हीच कंपनीची सामाजिक जबाबदारी. हा नफा कायदा आणि समाजातले नैतिक रिवाज पाळूनच मिळवायचा, ही अट त्यांनी स्वतःच घातली होती. त्यांच्या समर्थकांना आणि टीकाकारांनाही तिचा अनेकदा विसर पडतो. १९८४ मध्ये एडवर्ड फ्रीमन यांनी दुसरी बाजू पद्धतशीरपणे मांडली. कंपनीच्या निर्णयांनी ज्यांचे बरेवाईट होते ते कामगार, ग्राहक, पुरवठादार, आसपासची वस्ती हे सगळे हितधारक आहेत, आणि त्यांच्या हिताचा मेळ घालणे हेच व्यवस्थापन. ऑगस्ट २०१९ मध्ये अमेरिकेतल्या १८१ मोठ्या कंपन्यांच्या प्रमुखांनी ‘बिझनेस राउंडटेबल’च्या निवेदनावर सह्या करून ही भूमिका निदान कागदावर तरी स्वीकारली.

आपल्याकडे हा विचार वेगळ्या वाटेने आला. गांधीजींनी धनिकाला त्याच्या संपत्तीचा विश्वस्त मानले. त्याच्या कितीतरी आधी, १८७७ मध्ये, जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली होती. १८८६ मध्ये तिथे कामगारांसाठी निवृत्तिवेतन निधी आणि १८९५ मध्ये अपघाताची भरपाई सुरू झाली. पण मालकाचे औदार्य हा या इतिहासाचा अर्धाच भाग आहे. जोतीराव फुल्यांचे अनुयायी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली, सभा भरवल्या, हजारो सह्यांची निवेदने दिली. त्यानंतर १८९० मध्ये गिरणी मालकांनी आठवड्याला एक दिवस, रविवारची सुटी मान्य केली. ती सुटी कोणाच्या विवेकातून आपोआप उगवली नाही. ज्यांना निर्णयाची झळ बसत होती त्यांचा आवाज निर्णयाच्या जागी पोचला, म्हणून ती मिळाली. या मुद्द्याकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

२०१३ च्या कंपनी कायद्यात दोन्ही धागे दिसतात. कलम १३५ नुसार ५०० कोटींचे नक्त मूल्य, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा यांपैकी एकही मर्यादा गाठणाऱ्या कंपनीने आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करायची असते. या कलमाची चर्चा भरपूर होते. कलम १६६ ची फारशी होत नाही. संचालकाने कंपनी, तिचे कर्मचारी, भागधारक आणि समाज यांच्या हितासाठी व पर्यावरणाच्या रक्षणासाठी सद्भावनेने वागावे, असे ते सांगते. पहिले कलम कमावल्यानंतरच्या खर्चाविषयी आहे, दुसरे कमावण्याच्या रीतीविषयी. नदीत रसायन सोडून मिळवलेल्या नफ्यातून दोन टक्के शाळेला दिले, तरी नदीचा प्रश्न तसाच राहतो.

हेतूचा हा वाद महत्त्वाचा आहे, पण तो जिंकून फार काही हाती लागत नाही. खोटा ताळेबंद लिहिणारा फ्रीडमनच्या कसोटीला उतरत नाही आणि फ्रीमनच्याही. गेल्या काही दशकांतले बहुतेक मोठे घोटाळे असे आहेत की त्यांचा बचाव कोणताच सिद्धान्त करू शकत नाही.

ठरवण्याची साधने

व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गात तत्त्वज्ञानाच्या तीन-चार परंपरा साधने म्हणून शिकवल्या जातात. परिणामवादी विचारतो, सर्वांचे मिळून हित कशात अधिक आहे? कर्तव्यवादी, कांटच्या मागून, विचारतो, यात कोणा माणसाला निव्वळ साधन म्हणून वापरले जाते आहे का, आणि सर्वांनीच असे वागावे असे मला म्हणता येईल का? ॲरिस्टॉटलच्या परंपरेतला विचारतो, सचोटीचा माणूस इथे कसा वागला असता? मानसशास्त्रज्ञ कॅरल गिलिगन यांनी १९८२ मध्ये त्यात आणखी एक प्रश्न मिळवला. ज्यांच्याशी आपले नाते आहे, जे आपल्यावर विसंबून आहेत, त्यांची काळजी या निर्णयात कुठे आहे?

प्रत्येक साधनाला धार आहे आणि मर्यादाही. परिणामवादाची मर्यादा दाखवायला पिंटोचेच उदाहरण सर्वत्र दिले जाते, आणि बहुधा चुकीचे दिले जाते. १९७३ च्या फोर्डच्या एका टिपणात १८० मृत्यू, प्रत्येकी २ लाख डॉलर, शिवाय भाजलेले जखमी आणि जळालेली वाहने, अशा हिशेबाने सुरक्षेचा फायदा सुमारे ४.९५ कोटी डॉलर आणि प्रत्येक वाहनामागे ११ डॉलर दराने दुरुस्तीचा खर्च सुमारे १३.७ कोटी डॉलर दाखवला होता. ते टिपण पिंटोपुरते नव्हते. गाडी उलटल्यावर होणाऱ्या इंधनगळतीविषयीच्या प्रस्तावित नियमाला उत्तर म्हणून ते वाहतूक सुरक्षेच्या सरकारी संस्थेकडे पाठवलेले होते, अमेरिकेतल्या सव्वा कोटी वाहनांचा हिशेब त्यात होता, आणि जिवाची ती किंमतही त्याच संस्थेच्या आकडेमोडीतून घेतलेली होती. म्हणजे दुष्ट कंपनीने गुपचूप केलेला हिशेब, हे चित्र खरे नाही. खरे चित्र अधिक अस्वस्थ करणारे आहे. नियामक आणि कंपनी दोघांनाही ही भाषा स्वाभाविक वाटत होती. किंमत मोजणे अपरिहार्य आहे; रस्ता, पूल, औषध, सगळीकडे ती मोजावीच लागते. पण ज्याचा जीव पणाला लागला आहे त्याला धोका सांगितला का, त्याला निवड होती का, हे प्रश्न त्या तक्त्यात मांडायला रकानाच नसतो. कर्तव्याची दृष्टी हवी ती यासाठी.

सोप्या प्रश्नांत योग्य आणि अयोग्य यांची लढत असते. खरे कठीण प्रश्न योग्य विरुद्ध योग्य असे असतात. रशवर्थ किडर यांनी १९९५ मध्ये अशा पेचांच्या चार जोड्या सांगितल्या: सत्य आणि निष्ठा, व्यक्ती आणि समूह, आजचे हित आणि उद्याचे हित, न्याय आणि दया. ऑर्डरी घटलेल्या कारखान्यात दहा जणांना काढून उरलेल्यांची नोकरी टिकवायची, की सगळ्यांचा पगार कापून सगळ्यांना ठेवायचे, हा पेच चाकणच्या उद्योजकाला पुस्तक न वाचताही ठाऊक असतो. मर्क या औषध कंपनीपुढचा पेचही याच जातीचा होता. नदीकाठच्या काळ्या माशीमुळे होणाऱ्या अंधत्वावर तिच्याकडे औषध होते, पण ज्यांना ते हवे त्या आफ्रिकेतल्या गरिबांकडे पैसे नव्हते आणि सरकारांकडेही नव्हते. १९८७ मध्ये कंपनीचे प्रमुख रॉय व्हॅजेलॉस यांनी, गरज असेल तितके आणि गरज असेल तोवर औषध मोफत देण्याचे जाहीर केले. भागधारकांचा पैसा आणि रोग्यांची दृष्टी यांतला तो निर्णय होता. तो विचारपूर्वक, उघडपणे आणि जबाबदारी स्वीकारून घेतला गेला.

एका गोष्टीत मात्र ही साधने एकट्याच्या हातात अपुरी पडतात. इचलकरंजीतल्या एखाद्या कापड प्रक्रिया कारखान्याने सांडपाणी शुद्ध करण्याचा पूर्ण खर्च केला आणि शेजारच्याने केला नाही, तर प्रामाणिक माणसाचा माल महाग पडतो. पंचगंगेचे पाणी एका मालकाच्या सद्वर्तनाने स्वच्छ होणार नाही. इथे नीतीला सर्वांवर सारख्या कडकपणे लागू होणाऱ्या नियमांची जोड लागते. नियमांच्या विरोधात धंदेवाईकांच्या संघटना जेव्हा एकजूट करतात, तेव्हा त्या आपल्यातल्याच सचोटीच्या सभासदांना तोट्यात ढकलतात.

प्रश्न दिसत का नाही?

गेल्या तीस-चाळीस वर्षांत या विषयाचा गुरुत्वमध्य तत्त्वज्ञानाकडून मानसशास्त्राकडे सरकला. आदर्श माणूस कसा विचार करेल यापेक्षा खरी माणसे प्रत्यक्षात कशी वागतात, हा प्रश्न पुढे आला.

१९७३ मध्ये जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन यांनी प्रिन्स्टन येथील धर्मशिक्षणाच्या ४० विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. भाषण द्यायला दुसऱ्या इमारतीत जाताना वाटेत एक माणूस कण्हत पडलेला होता. काहींच्या भाषणाचा विषयच बायबलमधल्या परोपकारी वाटसरूची कथा हा होता. मदत कोण करेल हे विषयावर ठरले नाही, घाईवर ठरले. वेळ हाताशी असलेल्यांपैकी ६३ टक्के थांबले, खूप घाईत असलेल्यांपैकी १० टक्के. मार्चअखेरीस कोणत्याही लेखा विभागात बसलेल्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. शेवटच्या दिवशी ‘आत्ता सही करून टाका, नंतर बघू’ असे म्हटले जाते, तेव्हा माणसाची तत्त्वे बदललेली नसतात. थांबायला लागणारा वेळ काढून घेतलेला असतो.

इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या दहा पाळणाघरांचा अभ्यास उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्तिचिनी यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केला. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना यांतल्या काही पाळणाघरांनी दंड लावला. तिथे उशीर कमी होण्याऐवजी सुमारे दुप्पट झाला आणि दंड मागे घेतल्यावरही खाली आला नाही. आधी पालकांना वाटे, आपल्यामुळे शिक्षिकेला ताटकळावे लागते. दंड लागल्यावर ती सेवा झाली आणि तिचा दर ठरला. ॲन टेनब्रन्सेल आणि डेव्हिड मेसिक यांनी १९९९ मध्ये असेच दाखवले. प्रदूषण न करण्याच्या करारावर ढिली तपासणी आणि किरकोळ दंड ठेवला, तर काहीच दंड नसतानापेक्षाही करार अधिक मोडला जातो, कारण माणसे त्या प्रश्नाकडे धंद्याचा व्यवहार म्हणून पाहू लागतात. टेनब्रन्सेल आणि मॅक्स बेझरमन यांनी पुढे याच विचाराचा विस्तार केला. निर्णयातला नैतिक रंग हळूहळू फिका पडत जातो आणि माणूस स्वतःच्या नजरेत भला राहूनच वाईट निर्णय घेतो. आपले नियामक दंडाच्या रकमा ठरवतात तेव्हा हे निष्कर्ष त्यांच्यापुढे असायला हवेत. किरकोळ दंड हा काही बाबतींत दंड नसण्यापेक्षा घातक ठरतो.

या संशोधनाकडेही डोळस नजरेने पाहायला हवे. प्रामाणिकपणाची प्रतिज्ञा अर्जाच्या तळाशी ठेवण्याऐवजी वरच सही करून घेतली तर लोक खरे बोलतात, असे सांगणारा २०१२ चा एक शोधनिबंध जगभर गाजला. त्यातल्या एका प्रयोगाची माहिती बनावट असल्याचे उघड झाल्यावर २०२१ मध्ये तो मागे घ्यावा लागला. प्रामाणिकपणावरचे संशोधनही कीर्तीच्या आणि प्रकाशनांच्या शर्यतीत घडते. ती शर्यत संशोधकांवरही तेच दडपण आणते, जे विक्रीची शर्यत बँकेतल्या कारकुनावर आणते. म्हणून एकाच चमकदार प्रयोगावर धोरण बांधू नये. वारंवार तपासलेले निष्कर्ष आणि प्रत्यक्ष प्रकरणांच्या चौकशांचे अहवाल यांचा मेळ जिथे बसतो, तिथेच भिस्त ठेवावी.

आकडा वरून येतो तेव्हा

असा मेळ सर्वांत पक्का बसतो तो टार्गेटच्या बाबतीत. वेल्स फार्गो या अमेरिकी बँकेत प्रत्येक ग्राहकाला बँकेची आठ उत्पादने विकावीत असा आग्रह होता. शाखांतल्या कर्मचाऱ्यांनी ग्राहकांना न विचारता लाखो खाती उघडली. सप्टेंबर २०१६ मध्ये प्रकरण उघड झाले, तेव्हा १८.५ कोटी डॉलरचा दंड झाला आणि पाच वर्षांत ५,३०० कर्मचाऱ्यांना काढल्याचे समोर आले. एका संस्थेत पाच हजारांहून अधिक माणसे एकाच प्रकारे चुकतात, तेव्हा ती माणसांच्या चारित्र्याची गोष्ट राहत नाही. तो आकडा ज्यांनी ठरवला त्यांनीच निर्णय घेतलेला असतो. काउंटरवरच्या माणसाने फक्त तो अमलात आणलेला असतो.

दुसरा मार्ग हळूहळू घसरण्याचा. समाजशास्त्रज्ञ डायान व्हॉन यांनी चॅलेंजर अवकाशयानाच्या अपघाताचा अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध केला. रॉकेटच्या सांध्यातल्या रबरी कड्यांची झीज आधीच्या उड्डाणांत दिसली होती; प्रत्येक वेळी यान सुखरूप परतले आणि प्रत्येक वेळी थोडी अधिक झीज ‘चालण्यासारखी’ ठरत गेली. सत्यम या माहिती-तंत्रज्ञान कंपनीची कथा याच वळणाची आहे. ७ जानेवारी २००९ रोजी तिचे अध्यक्ष बी. रामलिंग राजू यांनी संचालक मंडळाला लिहिलेल्या पत्रात कबूल केले की, खरा नफा आणि दाखवलेला नफा यांतले अंतर सुरुवातीला किरकोळ होते, ते वर्षांगणिक फुगत गेले. शेवटी अस्तित्वात नसलेली ५,०४० कोटी रुपयांची रोकड ताळेबंदात दिसत होती. आदल्याच वर्षी या कंपनीला उत्तम कारभाराचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. संचालक मंडळावर व्यवस्थापनशास्त्राचे नामवंत प्राध्यापक होते, लेखापरीक्षण नावाजलेल्या कंपनीकडे होते. ज्ञान, प्रतिष्ठा आणि नियमावली, सगळे हजर होते. बँकेतली शिल्लक स्वतंत्रपणे पडताळून पाहण्याचा साधा आग्रह तेवढा टिकला नाही.

एन्रॉनचा दाखला महाराष्ट्राला दाभोळच्या वीज प्रकल्पामुळे परका नाही. या कंपनीची आचारसंहिता ६४ पानांची होती. तरीही १९९९ मध्ये संचालक मंडळाने हितसंबंधांच्या संघर्षाविषयीची त्यातली अट बाजूला ठेवून वित्तप्रमुखाला कंपनीशीच व्यवहार करणाऱ्या भागीदाऱ्या चालवायला परवानगी दिली. डिसेंबर २००१ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. ती अट रीतसर बैठकीत, ठराव करून बाजूला ठेवली गेली होती.

आणि आपल्या दारातली गोष्ट पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेची. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, तेव्हा खातेदाराला सहा महिन्यांत फक्त १,००० रुपये काढता येणार होते. ही मर्यादा पुढे टप्प्याटप्प्याने वाढवली गेली. बँकेच्या कर्जांपैकी ७० टक्क्यांहून अधिक, म्हणजे साडेसहा हजार कोटींच्या वर रक्कम एकाच बांधकाम समूहाकडे अडकली होती. ती लपवण्यासाठी २१,०४९ बनावट खाती दाखवली गेली होती. मुंबई आणि परिसरातली निवृत्त माणसे, छोटे दुकानदार, गृहनिर्माण सोसायट्या यांचे पैसे त्यात होते. जुना, मोठा कर्जदार आहे, आज अडचणीत आहे, उद्या फेडेल, या विश्वासावर एक नोंद लपते आणि मग तिला लपवायला दुसरी लागते. सहकारी संस्थांत ओळख हे भांडवल असते, आणि म्हणूनच ओळखीच्या माणसाला ‘नाही’ म्हणण्याची यंत्रणा तिथे सर्वांत भक्कम असावी लागते.

बोलणाऱ्याचे काय होते?

रेस्टची चौथी पायरी सर्वांत महाग. २७ जानेवारी १९८६ च्या रात्री मॉर्टन थायोकोल कंपनीचे अभियंते रॉजर बोइजोली आणि त्यांचे सहकारी थंडीत चॅलेंजरचे उड्डाण करू नये असे पुराव्यानिशी सांगत होते. कंपनीच्या वरिष्ठांनी वेगळी चर्चा केली. अभियांत्रिकी विभागाच्या प्रमुखाला, अभियंत्याची भूमिका सोडून व्यवस्थापकाच्या भूमिकेतून विचार करा, असे सांगण्यात आले आणि शिफारस फिरली. दुसऱ्या दिवशी सात अंतराळवीर मरण पावले. त्या बैठकीत प्रश्न दिसला होता, उत्तरही मिळाले होते. हरला तो आवाज.

भोपाळमध्ये पत्रकार राजकुमार केसवानी यांनी १९८२ पासून युनियन कार्बाइडच्या कारखान्यातल्या धोक्याविषयी लिहिले होते. डिसेंबर १९८४ मधल्या वायुगळतीच्या रात्री वायूची टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती. इंडियन ऑइलचे अधिकारी षण्मुगम मंजुनाथ यांनी उत्तर प्रदेशातल्या लखीमपूर खेरी येथे भेसळ करणाऱ्या पंपावर कारवाई केली. १९ नोव्हेंबर २००५ रोजी त्यांचा खून झाला. ते अवघे २७ वर्षांचे होते. रॅनबॅक्सी या औषध कंपनीतल्या चाचण्यांच्या खोट्या नोंदी दिनेश ठाकूर यांनी उघड केल्या. २०१३ मध्ये कंपनीने अमेरिकेत गुन्हा कबूल करून ५० कोटी डॉलर भरले. ठाकूर यांना दाद मिळाली ती अमेरिकी कायद्यामुळे.

आपल्याकडे कंपनी कायद्याच्या कलम १७७ नुसार सूचिबद्ध कंपन्यांनी तक्रारीची सुरक्षित वाट ठेवायची असते. सार्वजनिक क्षेत्रातल्या जागल्यांच्या, म्हणजे गैरप्रकार उघड करणाऱ्यांच्या, रक्षणाचा कायदा संसदेने २०१४ मध्ये मंजूर केला, पण तो अमलात आणणारी अधिसूचना वर्षानुवर्षे निघाली नाही. ज्या देशात मंजुनाथ मारला गेला, तिथे ही दिरंगाई अक्षम्य आहे.

आवाज उठवणे म्हणजे दरवेळी हौतात्म्यच, असेही मानू नये. एमी एडमंडसन यांनी १९९९ पासून दाखवून दिले आहे की, चूक सांगितल्यावर अपमान होणार नाही याची खात्री असलेल्या गटांत माणसे चुका अधिक सांगतात आणि गट त्यांतून शिकतो. मेरी जेंटाइल यांनी शिकवण्याची दिशाच बदलली. योग्य काय ते बहुतेकांना कळते, असे गृहीत धरून त्या विद्यार्थ्यांना पुढचा प्रश्न देतात. आता हे कोणाला, कोणत्या शब्दांत, कोणता पुरावा हातात घेऊन सांगाल? ‘साहेब, हे चुकीचे आहे’ आणि ‘साहेब, ही नोंद अशी गेली तर पुढच्या तिमाहीत आपल्याला काय दाखवावे लागेल ते एकदा पाहू’ या दोन वाक्यांत धाडस सारखेच आहे, ऐकले जाण्याची शक्यता दुसऱ्यात अधिक आहे. आपल्या व्यवस्थापन संस्थांनी हा सराव अभ्यासक्रमात आणावा.

लाचेच्या बाबतीत कायद्याने अशी एक वाट उघडली आहे. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या २०१८ च्या दुरुस्तीने लाच देणाराही गुन्हेगार ठरला. मात्र ज्याला लाच द्यायला भाग पाडले गेले त्याने सात दिवसांत तक्रार केली तर त्याला संरक्षण आहे. छोट्या उद्योजकाला परवान्यासाठी पुन्हा त्याच खिडकीवर जायचे असते, म्हणून ही वाट फार थोडे वापरतात. इथे एकट्या माणसाकडून शौर्याची अपेक्षा धरणे अन्यायाचे आहे. उद्योजकांच्या स्थानिक संघटनांनी सभासदाच्या वतीने तक्रार नेली, तर वेगळा काढून कोणाचा छळ करणे अवघड होईल. लोखंड्यांच्या संघटनेने गिरणी कामगारांना दिले ते हेच बळ होते.

काय टिकते?

चांगल्या निर्णयांचाही अभ्यास झाला आहे. सप्टेंबर १९८२ मध्ये शिकागो परिसरात टायलेनॉलच्या कॅप्सूलमध्ये कोणीतरी सायनाइड मिसळले आणि सात जण दगावले. जॉन्सन अँड जॉन्सनने सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या बाजारातून परत घेतल्या, १० कोटी डॉलरहून अधिक खर्च सोसला आणि छेडछाड लगेच दिसेल असे नवे पॅकिंग आणले. या निर्णयाचे श्रेय कंपनीच्या १९४३ च्या निष्ठापत्राला देतात. त्यात रुग्ण आणि ग्राहक पहिले, भागधारक शेवटी आहेत. पण भिंतीवरचा कागद एन्रॉनकडेही होता. फरक असा की अध्यक्ष जेम्स बर्क यांनी आधीच्या वर्षांत वरिष्ठांच्या बैठका घेऊन, हा कागद आपण खरोखर मानतो का, मानत नसू तर काढून टाकू, अशी उघड चर्चा घडवली होती. संकट आले तेव्हा प्राधान्यक्रम ठरलेला होता. त्याच कंपनीवर पुढे टाल्कम पावडरीवरून हजारो दावे दाखल झाले, हेही विसरू नये. नीती एकदा मिळवून जपून ठेवता येत नाही. प्रत्येक पिढीच्या व्यवस्थापकांना ती चर्चा नव्याने करावी लागते.

पुढचे आव्हान समोर उभे आहे. आता उद्दिष्टे सॉफ्टवेअर ठरवते. घरपोच माल पोचवणाऱ्या मुलाला किती मिनिटे, कोणाला कर्ज नाकारायचे, कोणाचा अर्ज चाळणीत गळायचा, हे निर्णय कोणा एका टेबलावर होतच नाहीत. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने गिग कामगाराला कायद्यात नाव दिले, २०२३ मध्ये राजस्थानने त्यांच्यासाठी स्वतंत्र कायदा केला. जोइयापुढे निदान फाइल तरी होती. इथे प्रश्न दिसण्याची पायरीच पुसली जाण्याचा धोका आहे, म्हणून असा प्रत्येक आकडा कोणी ठरवला याची सही असलेली नोंद ठेवणे बंधनकारक असावे.

अर्धशतकाच्या या विचारातून निघणारी मागणी साधी आहे. नीतीचा प्रश्न टार्गेट ठरते त्या बैठकीत विचारला जावा, गैरप्रकार उघडकीस आल्यावरच्या चौकशीत नव्हे. हे उद्दिष्ट प्रामाणिक मार्गाने गाठणे शक्य आहे का, ते गाठता आले नाही तर खालच्या माणसाचे काय होईल, आणि ज्याला झळ बसेल त्याच्या वतीने या खोलीत कोण बोलते आहे, हे तीन प्रश्न आणि त्यांची उत्तरे इतिवृत्तात लिहिली गेली, तर कलम १६६ ला अर्थ येईल. भागधारकांनी वार्षिक सभेत ती मागावीत, पतपेढीच्या आणि सहकारी बँकेच्या सभासदांनी आमसभेत मागावीत, कामगार संघटनांनी वाटाघाटीत मागावीत. मुद्दल मागायचा आपल्याला जितका हक्क आहे, तितकाच या उत्तरांवरही आहे.